नवी गाडी न घेता जुन्याच गाड्या वापरत राहण्याचा हिशोब

प्रश्न विचारणारा: सावकाश (हे आणि पुढचे मथळे ही लिहिणाऱ्यांची टोपणनावे आहेत)

गेल्या एकोणीस वर्षांत मी चार मोटारी वापरल्या, पण त्यांतली एकही नवी घेतलेली नाही. प्रत्येक गाडी माझ्या हाती आली तेव्हा ती सात ते दहा वर्षांची होती. सध्याची पेट्रोल गाडी मी तिच्या आठव्या वर्षी घेतली. आता तिला चौदा वर्षे पूर्ण झाली असून रनिंग १,६२,००० किलोमीटर झाले आहे. गाडीच्या कप्प्यात मी एक वही ठेवतो. पेट्रोल सोडून गाडीवर झालेला प्रत्येक खर्च, अगदी वायपरच्या पात्यापर्यंत, तारीख आणि किलोमीटरसह तिच्यात लिहिलेला असतो. काही पानांवर ग्रीसचे अंगठे उमटले आहेत, पण आकडे वाचता येतात. त्या वहीवरून असे दिसते की दुरुस्तीचा खर्च दरवर्षी सारखा येत नाही. दोन वर्षे जवळजवळ काहीच काम निघत नाही आणि तिसऱ्या वर्षी क्लच प्लेट, पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आणि रेडिएटर अशी तिन्ही कामे चार महिन्यांत निघतात. नेमक्या अशाच वेळी घरातले आणि ओळखीतले लोक म्हणू लागतात की या डब्यात पैसे घालण्यापेक्षा एकदाची नवी गाडी काढ.

माझा कल अजूनही जुन्या गाडीकडेच आहे आणि तो केवळ काटकसरीपोटी आहे असे मी म्हणणार नाही. हाताला चाचपून सापडतील अशी बटणे असलेली गाडी मला आवडते. चालत्या गाडीत पंख्याचा वेग कमी करण्यासाठी पडद्यावर तीन ठिकाणी बोट टेकवायचे, हे मला पटत नाही. नव्या गाडीवर पहिला ओरखडा उठेपर्यंत जिवाला जो घोर लागतो, तोही मला नको असतो. मात्र माझी दुसरी गाडी वाईट निघाली होती, हेही सांगायला हवे. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, नुकताच बदलला आहे असे विकणाऱ्याने तोंडी सांगितले, मी पावती मागितली नाही, आणि पाचव्या महिन्यात तो पट्टा तुटला. व्हॉल्व्ह वाकले आणि इंजिन उघडावे लागले. म्हणजे चार अनुभवांपैकी एक सपशेल फसलेला आहे.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे: जुनी गाडी खरोखरच स्वस्त पडते, की मी दुरुस्तीच्या खर्चाकडे सोयीस्कर डोळेझाक करतो आहे? किती जुनी गाडी घेणे शहाणपणाचे, आणि हातातली गाडी सोडण्याची वेळ आली हे नेमके कशावरून ओळखायचे?

घसारा

तुमची वही चांगली आहे, पण ती अर्धाच हिशोब सांगते, कारण गाडीवरचा सर्वांत मोठा खर्च तिच्यात लिहिलेलाच नाही. घसाऱ्याची, म्हणजे वर्षागणिक उतरत जाणाऱ्या किमतीची, पावती कोणी हातात देत नाही, म्हणून तो खर्च वाटत नाही. क्लच प्लेटची पावती हातात पडते, म्हणून ती डोळ्यांत खुपते. नवी गाडी साधारणपणे पहिल्याच वर्षी पंधरा ते वीस टक्के किंमत गमावते आणि पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास येते. मॉडेलप्रमाणे आकडे पुष्कळ बदलतात, पण उताराचा आकार तोच राहतो: सुरुवातीला कडा, नंतर सपाट माळ.

समजा नव्या गाडीची किंमत शंभर आहे. पाच वर्षांनी तिचे पन्नास येणार असतील, तर मालकाने वर्षाला दहा घालवले. तीच गाडी आठव्या वर्षी कोणी पस्तीसला घेतली आणि चौदाव्या वर्षी सतराला विकली, तर सहा वर्षांत अठरा, म्हणजे वर्षाला तीन गेले. मधल्या सातांमध्ये तुमच्या दुरुस्त्या बसतात का, एवढाच खरा प्रश्न आहे. तुमच्या वहीतल्या सहा वर्षांची बेरीज करा, सहाने भागा आणि पाहा. नव्या गाडीसाठी कर्ज काढले असते तर त्याचे व्याज त्या दहांच्या वर चढले असते, हेही विसरू नका. उलट बाजूला, नव्या गाडीची पहिल्या काही वर्षांची वॉरंटी तुमच्याकडे नव्हती, तिची काहीतरी किंमत धरायलाच हवी.

तुमच्या टायमिंग बेल्टच्या प्रसंगात मात्र तुमच्या निष्काळजीपणापलीकडेही काही आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले होते की, गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर घेणारा सगळ्याच गाड्यांना मध्यम भाव देऊ करतो. मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकायला तयार होत नाही आणि बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. २००१ मध्ये त्यांना ज्या कामासाठी विभागून नोबेल मिळाले, त्याच्या मुळाशी हीच मांडणी होती. व्यवहारात याचा अर्थ असा की विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा पावत्यांच्या गठ्ठ्याला जास्त भाव द्यावा. सगळ्या पावत्या नीट लावून ठेवणारा मालक दोन पैसे जास्त मागत असेल, तर ते खुशाल मोजावेत.

दहाचा पाना

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, पण स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांखाली बरीच वर्षे झोपलो आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी वर्षांत देणार नाही. गाडीचे वय किती, यापेक्षा कोणता भाग कशाने म्हातारा होतो हे पाहणे उपयोगाचे असते. काही भाग किलोमीटरने झिजतात: क्लच, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश. काही भाग गाडी उभी असतानाही म्हातारे होतात: रबराचे पाइप, सील, टायर, टायमिंग बेल्ट, ब्रेक ऑइल. म्हणूनच ‘बारा वर्षांत फक्त तीस हजार किलोमीटर’ ही जाहिरात वाचून लोक भुलतात तेव्हा मला हसू येते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असे मानक आहे, तर ओलावा शोषल्यानंतरची तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की हा फरक पायाला कळतो, कारण ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल खाली बसते. दर दोन वर्षांनी ते बदलावे असे बहुतेक उत्पादक सांगतात. कमी चाललेल्या गाडीत ते हमखास राहून गेलेले असते. टायरचे वय तर टायरवरच लिहिलेले असते. टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे ३५१९ असतील, तर तो टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल दिसो.

गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला आधी सांगून ठेवावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. गार इंजिन जे लपवू शकत नाही, ते तापलेले इंजिन सहज लपवते. सुरू करताच निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. काळा आला तर इंधन जास्त जाते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता मोठी. ऑइल भरण्याचे झाकण काढून त्याची आतली बाजू पाहावी. तिथे साय धरल्यासारखा पिवळसर थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळते आहे. मात्र नेहमी दोन-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत असा थोडा थर नुसत्या बाष्पानेही धरतो, म्हणून तेवढ्यावरून हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधले सील) गेले असा निकाल देऊ नये. कूलंटची पातळी आणि रंग सोबत पाहिला म्हणजे उलगडा होतो.

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा विझला नाही तर बिघाड आहे हे सर्वांना कळते; पण तो मुळात लागलाच नाही तर अधिक सावध व्हावे, कारण उडालेली एअरबॅग न बदलता कोणीतरी दिव्याचीच व्यवस्था करून ठेवलेली असू शकते. मग सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी आतून बाहेरून धुतात, सीटची कव्हरे बदलतात, पण बेल्टचा शेवटचा हातभर गुंडाळलेला भाग धुवायचे कोणाला सुचत नाही आणि तिथे गाळाची रेघ सापडते. सगळ्या काचांच्या कोपऱ्यांतल्या खुणा एकाच सुमाराच्या आहेत का, बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने उडालेला आहे का, ब्रेकच्या पेडलचे रबर किती गुळगुळीत झाले आहे आणि ते ओडोमीटरच्या आकड्याशी जुळते का, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात.

ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारे छोटे यंत्र, मिळाला तर अवश्य न्यावा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना त्याचे सॉकेट सक्तीचे झाले, त्यामुळे आज विकत घेण्याजोग्या जवळजवळ कोणत्याही गाडीला तो लागतो. इथे एक युक्ती ठाऊक असावी. पुष्कळ विक्रेते गाडी दाखवण्यापूर्वी बिघाडाचे कोड पुसून टाकतात आणि रीडरवर ‘एकही कोड नाही’ असे आले की घेणारा खूश होतो. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या अंतर्गत चाचण्याही शून्यावर येतात आणि त्या पूर्ण व्हायला कित्येक किलोमीटर गाडी चालावी लागते. रीडरमध्ये त्या चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर कोणीतरी नुकतेच काही पुसले आहे किंवा बॅटरी काढली होती. दोन्ही बाबतींत कारण विचारावे.

मागची सीट

वरच्या दोन्ही प्रतिसादांत पैसा आणि यंत्र यांचा विचार झाला, पण गाडीत बसणाऱ्या माणसांचा झाला नाही, म्हणून हा थोडा विरोधी सूर. जुन्या गाड्यांचा पत्रा जाड असतो, त्या ‘दणकट’ असतात, असे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००९ मध्ये स्वतःच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने एकमेकींवर आदळवल्या होत्या. जुनी गाडी चांगली लांबरुंद होती, तरी तिची चालकाची जागा पूर्ण चेंगरली. नव्या गाडीत चालकाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्याच्या पायाला दुखापत झाली असती, एवढेच. पत्रा जाड असून भागत नाही, तो कुठे दुमडावा आणि कुठे अजिबात दुमडू नये हे ठरवलेले असावे लागते.

हे टोकाचे उदाहरण आहे, कारण आपल्यापैकी कोणी पन्नास वर्षांची गाडी रोज वापरत नाही. पण पंधरा आणि सात वर्षांच्या गाड्यांतही फरक असतोच. गाडी घसरू लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी यंत्रणा १९९५ मध्ये महागड्या गाड्यांत आली; अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून ती प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची झाली. ही यंत्रणा नंतर बसवून घेता येत नाही. क्लच नवा टाकता येतो, इंजिनही बदलता येते, पण गाडीचा सांगाडा आणि ही यंत्रणा गाडीबरोबर जी आली तीच.

आणखी एक गोष्ट, जी जुन्या गाड्यांनाच लागू होते. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधले अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत जात असे आणि मग एअरबॅग उघडताना तिचे धातूचे आवरण फुटून तुकडे चालकाच्या अंगावर येत. जगभर कोट्यवधी गाड्या त्यासाठी परत बोलवाव्या लागल्या. पहिल्या मालकाने पत्र फाडून टाकले असेल तर ते काम अजूनही राहिलेले असू शकते. गाडीच्या सतरा अंकाक्षरी चासी क्रमांकावरून उत्पादकाकडे हे विचारता येते आणि असे काम सामान्यतः विनामूल्य करून मिळते. मी जुन्या गाडीच्या विरोधात नाही, मीही नऊ वर्षांची गाडी चालवते. पण स्टॅबिलिटी यंत्रणा आणि सहा एअरबॅग या दोन अटींवर मी ती शोधली आणि त्यासाठी चार महिने बसने फिरले.

सावकाश

तिघांचेही आभार. घसाऱ्याचा हिशोब काल रात्री केला. माझ्या दुरुस्त्या ‘नव्या गाडीची किंमत शंभर’ या मापाने वर्षाला सव्वातीन येतात, म्हणजे घसारा धरून सव्वासहा. दुसऱ्या गाडीचे इंजिनकाम मिळवून चारही गाड्यांची सरासरी काढली, तरी सव्वासातांच्या पुढे जात नाही. मागची सीट, तुमच्या प्रतिसादाने मात्र मी अस्वस्थ झालो, कारण माझ्या गाडीत दोनच एअरबॅग आहेत आणि स्टॅबिलिटी यंत्रणा नाही, आणि इतक्या वर्षांत मी वहीत त्याची नोंद करावी असे मला सुचले नव्हते.

तळाचा थर

पर्यावरणाचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून थोडक्यात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तुमची जुनी गाडी १०० किलोमीटरला आठ लिटर पिते आणि नवी सहा पिणार असे धरले, तर वर्षाला दहा हजार किलोमीटरांत दोनशे लिटर, म्हणजे सुमारे ४६० किलो वाचतात. एक मध्यम गाडी बनवतानाच काही टन उत्सर्जन झालेले असते. ते सहा टन धरले तर फिटायला तेरा वर्षे लागतील. वर्षाला तीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे गणित अर्थातच वेगळे येईल. ‘पर्यावरणासाठी’ नवी पेट्रोल गाडी घेतो असे कमी फिरणारा माणूस म्हणतो, तेव्हा त्याला नवी गाडी हवी असते, आणि तसे सरळ सांगायला काही हरकत नसावी.

जाता जाता एक: नव्या गाड्यांचे काही भाग नव्याच पद्धतीने म्हातारे होतात. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी नेटवर्क बंद झाले तेव्हा इंजिन, गिअरबॉक्स सगळे ठणठणीत असलेल्या अनेक गाड्यांची आपत्कालीन कॉलची सोय मुकी झाली. त्यामुळे आता सात-आठ वर्षांची गाडी घेताना तिचा पडदा आणि त्यामागचे सॉफ्टवेअर अजून कोणी सांभाळते आहे का, हेही विचारावे लागते.

दहाचा पाना

मागची सीट यांचे म्हणणे मला मान्य आहे. मी यंत्राच्या नादात ते सोडून दिले. आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला की गाडी सोडावी, असा एक ठोकताळा लोक सांगतात. मला तो पटत नाही, कारण गाडीची किंमत हा बाजाराचा आकडा आहे आणि तुम्ही गाडी विकत नाही, वापरता. तुलना करायची तर ती दुरुस्त केलेल्या तुमच्या गाडीची आणि तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या अनोळखी गाडीची करावी. तुमच्या गाडीचा क्लच कधी बदलला हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या अनोळखी गाडीचे काहीच ठाऊक नाही.

या नियमाला मी एकच अपवाद करतो, तो गंजाचा. दाराच्या कडेचा किंवा डिकीच्या झाकणाचा गंज कुरूप असतो, घातक नसतो. पण सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेले असते, सीट बेल्टचा बोल्ट जिथे बसतो, दाराखालचा लांब उंबरा आणि जॅक लावण्याच्या जागा, इथला गंज म्हणजे ज्या पत्र्यावर अपघातात भरवसा ठेवायचा तोच पोखरलेला असणे. ते वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतात, आणि नीट कापून मूळ जाडीचा पत्रा जोडणारा कारागीर असेल तर ते शक्यही असते, पण बहुतेक ठिकाणी वरून पट्टी मारून काळा रंग देतात. गाडी लिफ्टवर घ्या आणि जाड पेचकसाच्या मुठीने या जागा ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो. सडलेल्या जागी आवाज बसका येतो. तिथे मग टोकाने दाबून पाहा. गाडी नुसत्या जॅकवर उभी करून खाली जाऊ नका, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

सावकाश

आज सकाळी ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्ट रिकामी मिळाली. पुढची बाजू, दोन्ही उंबरे आणि जॅकच्या जागा टणक वाजल्या, तेव्हा मी निश्चिंत झालो होतो. मागच्या डाव्या सस्पेन्शनच्या जोडाशी काळ्या रंगाचा जाड थर होता, जो मी सहा वर्षांपूर्वी पाहिला असणार आणि ‘गंजरोधक लेप’ समजून समाधानी झालो असणार. तिथे आवाज बसका आला, पेचकसाचे टोक फारसा जोर न लावता बोटाच्या पेराएवढे आत गेले, आणि बाहेर काढल्यावर भोकातून तांबूस भुगा बराच वेळ माझ्या बाहीवर पडत राहिला. गॅरेजवाल्याने पट्टी मारून देतो म्हटले. मी नको म्हणालो.

गाडी मी कोणाला वापरण्यासाठी विकणार नाही, भंगारातच देणार आहे. त्याआधी मागच्याच वर्षी टाकलेले पुढचे दोन शॉक ॲब्सॉर्बर आणि नवी बॅटरी काढून घेईन. ते कोणाच्या तरी उपयोगी पडतील. पुढची गाडीही जुनीच पाहतो आहे, पण सहा ते आठ वर्षांची, स्टॅबिलिटी यंत्रणा असलेली, टायमिंग बेल्टची पावती असलेली. दहाचा पाना, ती लिफ्टवर घेऊ दिल्याशिवाय मी बयाणा देणार नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर यावेळी खरेदीची किंमत लिहीन आणि दरवर्षी तिच्यासमोर बाजारभाव टाकत जाईन.